सेतुमाधवचा शांत फोन

चेन्नईजवळच्या आवडी गावात आमच्या क्वार्टर्समध्ये रविवारी सकाळी सेतुमाधव आला, की आमच्या जिन्यातल्या बायका काहीतरी कामाचं निमित्त काढून दारं लोटून घ्यायच्या. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या पिशवीत कागदाचे फोन असायचे आणि भेटेल त्याच्याकडून तो ते वापरून घ्यायचा. पुठ्ठ्याची एक चौकट, तिच्यात सरकवलेला कागद आणि कागदावर पेन्सिलीनं काढलेली चित्रं. आपण एखाद्या चित्रावर बोट टेकवायचं, की सेतुमाधव घाईघाईनं तो कागद ओढून दुसरा सरकवणार आणि आपल्या तोंडाकडे बघत बसणार. आपण कुठे अडखळलो, कुठे वैतागलो, हे सगळं त्याला हवं असायचं. एकदा माझ्या हातून त्याच्या फोनवर फोडणीचं तेल सांडलं. मी ओशाळले, तर म्हणाला, "परवाइल्ले वैनी, असू दे, खऱ्या फोनवर पण सांडणारच की."

हा सेतुमाधव म्हणजे माझ्या शेजारणीचा, कृष्णवेणीचा, धाकटा भाऊ. घराणं तंजावरकडचं मराठी, पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेलं. आम्ही सांगलीकडचे, ह्यांच्या नोकरीपायी आवडीला येऊन पडलेले. कृष्णवेणीचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जुनी बखर वाचतंय आणि मधेमधे तमिळमध्ये थबकतंय. तिला माझं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. तरी आमचं जमलं. परक्या गावात आपल्या भाषेत भांडायला कुणीतरी लागतंच.

कृष्णवेणी संरक्षण खात्याच्या कारखान्यात, गणवेश शिवायच्या विभागात होती. आई गेली तेव्हा सेतुमाधव शाळेत होता आणि ही नुकती नोकरीला लागली होती. वडील त्याआधीच गेलेले. तेव्हापासून त्याचं दूध, त्याच्या वह्या, त्याचं इंजिनिअरिंग, सगळं हिनं शिलाईयंत्रावर बसून केलं. या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं असं ती कधी म्हणाली नाही, आम्हीच आपापसात म्हणायचो. सेतुमाधव मोठा झाला, गिंडीच्या एका कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, तो वेलचेरीला राहायला गेला. अक्का आवडीतच राहिली.

त्याच्या कंपनीचं काम असं, की परदेशातल्या फोन बनवणाऱ्यांसाठी फोनच्या आतलं सगळं ठरवून द्यायचं. फोन हातात घेतला की आधी काय दिसावं, मग काय दिसावं, कुठे वाजावं, कुठे गप्प बसावं. ही गोष्ट दोन हजार आठ सालातली. तेव्हा आमच्याकडे फोन म्हणजे बटणांचा. अंगठा न बघता बटणावर पडायचा, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान. सेतुमाधव म्हणायचा, "बटणं जाणार, वैनी. पुढच्या फोनला नुसती काच असणार."

"आणि पडला म्हणजे?"

"फुटणार," तो प्रामाणिकपणे म्हणायचा. "पण तरी लोक तोच घेणार, बघा तुम्ही."

आपण कुठे आहोत हे फोनला कळेल, फोनवरच नकाशा दिसेल, बोलणाऱ्याचं तोंड दिसेल, बँकेत जायला नको, पोस्टात जायला नको. असं तो सांगत सुटायचा. कृष्णवेणी भाजी चिरता चिरता ऐकायची. तिला त्यातलं किती कळत होतं देव जाणे, पण भाऊ बोलतोय म्हणून ती मान डोलवायची आणि मधेच मला म्हणायची, "लहानपणी पण हा असाच. चुम्मा बसायचा नाही." चुम्मा म्हणजे तमिळमध्ये नुसतं, स्वस्थ.

एक गोष्ट मात्र तो फार जीव तोडून सांगायचा. "आताचा फोन मूर्ख आहे, वैनी. कुणी वाजवला की वाजतो. पुढचा फोन विचार करील. मालक कामात आहे का, झोपलाय का, समोरच्याला खरंच बोलायचंय का तो उगाच वाजवतोय, हे त्याला कळेल. ज्याला आत घ्यायचं त्याला घेईल. बाकीच्यांना बाहेर बसवील."

"म्हणजे साहेबाच्या केबिनबाहेरचा शिपाईच की हो!"

"तसाच. फक्त हा चहापाणी मागणार नाही."

आम्ही हसलो होतो. कृष्णवेणी सगळ्यात जास्त हसली होती.

आता त्या दोघांच्या रिंगांचं सांगते. मिस्ड कॉल देण्याचं शास्त्र त्या काळात सगळ्या देशालाच अवगत होतं, पण कृष्णवेणीनं त्याचं व्रत करून टाकलं होतं. कारखान्यातून सुटून घरी आली, की चपला काढायच्या आधी ती भावाला एक रिंग देऊन फोन कट करायची. म्हणजे, मी घरी पोचले. त्यानं उलट एक रिंग द्यायची. म्हणजे, कळलं. ती परतीची रिंग येईपर्यंत ती कॉफीला हात लावत नसे. आणि एक रिंग देऊन कट, लगेच दुसरी देऊन कट, असं झालं तर त्याचा अर्थ, बोलायचं आहे, सवडीनं तू फोन कर. पैसे वाचवायचे म्हणून सुरू झालेली ही गोष्ट. पुढे दोघांनाही पैशांची तेवढी चणचण राहिली नाही, पण रिंग राहिली. तिच्या लेखी ते रोजचं बोलणंच होतं.

सेतुमाधवच्या लेखी काय होतं, ते मला पुढे कळलं. बरोबर त्याच वेळेला त्याची परदेशी साहेबलोकांशी बैठक असायची. टेबलावर फोन वाजून बंद पडायचा. एकदा तिथल्या एका गोऱ्या साहेबानं हसत विचारलं, की हे रोज काय आहे, तुमच्या फोनला उचकी लागते का? बाकीचे हसले. सेतुमाधव दोन मुलांचा बाप होता, हाताखाली माणसं होती, आणि अक्का घरी पोचल्याची वर्दी सगळ्या खोलीत वाजत होती. त्याला लाज वाटली. माणसाला कशाची लाज वाटावी याला काही धरबंध नसतो.

त्याच वर्षी कृष्णवेणीच्या आयुष्यात राममूर्ती आले.

आले म्हणजे, होतेच. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. कुंभकोणमकडचं मराठी घराणं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. शांत माणूस, फक्त फोनवर मात्र समोरचा बहिरा असल्यासारखं ओरडून बोलायचा. शिलाई विभागात दोऱ्याची रिळं पोचवायला शिपाई होता, तरी हे स्वतः यायचे. कृष्णवेणीच्या यंत्रापाशी रिळं ठेवायला त्यांना जरा जास्तच वेळ लागतो, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं. मी चिडवलं, की ती म्हणायची, "चल गे, काहीतरीच." पण डब्यात ती भात एका माणसापुरता नेत नसे, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

मग राममूर्तींची जबलपूरला बदली निघाली. तेव्हा त्यांनी विचारलं. कृष्णवेणीनं घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"म्हणाले, एकट्यानं जायला नको वाटतं. तुमच्या घरी मी कोणाशी बोलू?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"भावाशी म्हणून सांगिटलं. आधी मी त्याला विचारते, मग तुम्ही बोला म्हणून."

"मग लाव की फोन!"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेहेचाळीस वर्षांची बाई, पण अगदी पोरीसारखं. "अय्यो, मी कशी सांगू? त्याला मी न्हाऊ घातलंय, विद्युलता. त्याला मीच सांगू, माझं लग्न कर म्हणून? त्यानं फोन करू दे. काय अक्का, काय विशेष, म्हणून विचारू दे. मग निघेल तोंडातून."

मला राग आला, पण तिचं म्हणणं कळलंही. आपण विषय काढायचा नाही, कुणीतरी विचारायचं, मग आपण लाजत सांगायचं. आमच्याकडे तरी वेगळं काय होतं? तिनं माझ्यासमोर रिंग दिली. कट केली. लगेच दुसरी दिली. आणि फोन मांडीवर घेऊन बसली.

फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिची घरी पोचल्याची रिंग गेली, तिलाही परतीची रिंग आली नाही. रविवारी तो यायचा, तर त्याच्या बायकोनं कळवलं, की परदेशातली माणसं आली आहेत, त्यामुळे यांना जमणार नाही. कृष्णवेणीनं तिला काही विचारलं नाही. भावजयीला हे कसं विचारायचं? ती रोज तशीच दोन रिंगा देत राहिली आणि कॉफी निवून जात राहिली. मी म्हटलं, मी करते त्याला फोन, चांगली झाडते. तिनं मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

मग एका संध्याकाळी तिनं रिंग दिलीच नाही. माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला पसंत नाही."

"कशावरून?"

"कोणीतरी त्याच्या कानावर घातलं असेल. कारखान्यातल्या गोष्टी वेलचेरीपर्यंत जातात की. आमच्यात स्थळ नको असेल तर नको म्हणून कोणी सांगत नाहीत, विद्युलता. गप्प राहतात. समोरच्यानं समजून घ्यायचं. आजीपासून असंच आहे."

"अगं पण तो आजकालचा मुलगा, फोन बनवणारा..."

"म्हणून काय? आमच्याच घरचा आहे ना?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं राममूर्तींना सांगितलं, भावाच्या मनात नाही. त्यांनी हात जोडले, म्हणे, आणि त्या दिवशी रिळं शिपायाबरोबर पाठवली. थोड्याच दिवसांत ते जबलपूरला गेले. आमचे हे त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले होते. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, की माणूस खिडकीतून सारखा फलाटाकडे बघत होता. ते मी कृष्णवेणीला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सेतुमाधव आला. हातात म्हैसूरपाकाचा खोका, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. अक्का त्याच्या आवडीची पालेभाजी आणायला बाजारात गेली होती. तो माझ्या दारात आला आणि खोका उघडून म्हणाला, "घ्या वैनी, गोड घ्या. आमचं काम मंजूर झालं."

माझं डोकंच फिरलं. "तुमचा म्हैसूरपाक ठेवा तुमच्यापाशी. बहिणीचं लग्न पसंत नव्हतं, तर तोंडानं सांगायचं होतं, सेतुमाधवराव! तिला तसं ताटकळत ठेवायला लाज नाही वाटली?"

"कोणाचं लग्न?" तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच मला कळलं, की याला काही माहीत नाही. मग मी सगळं सांगितलं. राममूर्ती, जबलपूर, दोन रिंगा, निवलेली कॉफी. तो उभा होता तो जिन्याच्या पायरीवर बसला. खोका त्यानं मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.

"रिंगा दिल्या तिनं?"

"रोज. तुमच्या फोनला काय झालं होतं?"

त्यानं खोक्याचं झाकण लावलं. मग खाली बघतच बोलायला लागला. फोनला काही झालं नव्हतं. फोन उत्तम चालत होता. जो फोन मंजूर झाला म्हणून तो मिठाई घेऊन आला होता, तोच नमुन्याचा फोन तो त्या दिवसांत खिशात घेऊन फिरत होता. त्या फोनला त्यांनी शिकवलं होतं, की क्षणभर वाजून कट होणारा कॉल असेल तर वाजायचंच नाही. दिवाही लावायचा नाही. तो कॉल गुपचूप एका कोपऱ्यात टाकून द्यायचा, मालकाला वाटलं तर तो नंतर बघेल. आणि एखाद्या नंबरावरून सारखे तसेच कॉल आले, तर तो नंबरच बिनकामाचा समजायचा.

"आणि हे त्याला शिकवलं कशावर?" तो म्हणाला. "रोज नेमानं अर्धवट कॉल देणारा नंबर हवा होता, वैनी. माझ्याकडे होता. अक्काचा. तिच्याच रिंगांवर मी तो फोन घडवला."

 मी म्हटलं, "तुम्हाला आठवण नाही झाली? संध्याकाळची रिंग आली नाही, असं एकदाही वाटलं नाही?"

"पहिल्याच दिवशी वाटलं," तो म्हणाला. "कुठे पडल्या असतील तेही माहीत होतं. एक बोट लावलं असतं तर दिसल्या असत्या. पण बैठक शांतपणे झाली, कोणी हसलं नाही, आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आणखी बरं वाटलं. मग मी बघितलंच नाही. नाही बघितलं, वैनी. विसरलो असतो तर गोष्ट वेगळी होती."

तेवढ्यात जिन्यात कृष्णवेणीच्या चपला वाजल्या. पिशवीतून पालेभाजीच्या जुड्या बाहेर आलेल्या, कपाळावर घाम. भावाला पायरीवर बघून तिचा चेहरा आधी कसनुसा झाला आणि मग नेहमीसारखा. "कधी आलास? कॉफी घेटलास का?"

"अक्का," तो उठून उभा राहिला, "तुझ्या रिंगा मज मिळाल्याच नाहीत. माझा फोन... फोन बिघडला होता."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझी नजर चुकवली.

कृष्णवेणीनं पिशवी खाली ठेवली. "मिळाल्याच नाहीत? म्हणजे तू नको म्हणून गप्प नव्हतास?"

"मला काही माहीतच नव्हतं गे."

आणि ती हसली. खरंच हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "अय्यो, देवा. मज वाटलं, तू रागावलास. मी म्हटलं, काय चुकलं माझं, पोरगं बोलेना का झालं. बिघडला होता होय! जाऊ दे, सरी, ठीक आहे. यंत्र आहे, बिघडणारच." तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वयंपाकाला गेली. राममूर्ती गेले ते गेले, पण भाऊ रागावला नव्हता, यातच तिला सगळं परत मिळाल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी तिनं त्याला आग्रह करकरून वाढलं. तो नुसता भात चिवडत होता. मला तो समोर नको झाला होता आणि त्याची कीवही येत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यानं सांगितलं, की फोनमधली ती सोय काढून टाका. त्याचे साहेब गुरुमूर्ती म्हणाले, चाचणीत लोकांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली आहे, आणि काढा म्हणणारा तू, ज्यानं ती केली तोच? ती सोय राहिली. किती फोनांत गेली असेल ते त्यालाही मोजता येणार नाही. हे सगळं त्यानं मला फोनवर सांगितलं, आणि म्हणाला, "मी जबलपूरला जातो, वैनी. घरातला माणूस म्हणून जायला हवं होतं, तसा आता जातो."

"अक्काला विचारलंत?"

"काम झालं की सांगतो."

तो गेला. त्याला वाटलं असेल, गाडीत दीड दिवस बसून त्रास काढला तर काहीतरी फिटेल. परत आला तो सरळ आवडीला. मी कृष्णवेणीकडेच होते. ती माझ्या ब्लाउजला हातशिलाई घालत होती आणि मी शेंगा सोलत होते. तो आत आला, चेहरा ओढलेला, कपडे चुरगळलेले. मी उठायला लागले, तर म्हणाला, "बसा वैनी. तुमच्यासमोरच बोलतो, म्हणजे मला पुन्हा खोटं बोलता येणार नाही."

आणि तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. फोन बिघडला नव्हता, हे त्यानं आधी सांगितलं. तो त्यानं मुद्दाम तसा केला होता, तिच्याच रिंगांवर केला होता, आणि त्या येत असतील हे माहीत असून त्यानं बघितलं नव्हतं. लाज वाटायची, हेही सांगितलं. काही ठेवलं नाही. कृष्णवेणी सुई कापडात तशीच धरून ऐकत होती.

"तुज त्रास होत होता," ती सावकाश म्हणाली. "सांगायचास की रे. मी दिल्या नसत्या."

एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सेतुमाधवला हुंदका आला, तो त्यानं दाबला, आणि पुढचं सांगायला लागला. जबलपूरला राममूर्ती भेटले होते. त्यांनी आदरानं बसवलं, कॉफी केली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की उशीर झाला. मुलीनं नागपूरची एक विधवा शिक्षिका बघितली आहे, त्यांना शब्द दिला आहे, पुढच्या महिन्यात लग्न आहे. दिलेला शब्द मोडवत नाही.

"बरोबर आहे," कृष्णवेणी म्हणाली. "मोडू नयेच."

"निघताना त्यांनी मला एक विचारलं, अक्का. म्हणाले, भावाच्या मनात नाही एवढंच बाईंनी मला सांगितलं होतं. ते राहू दे. त्यांच्या स्वतःच्या मनात होतं का?" सेतुमाधव थांबला. "मज उत्तर देता येईना. जबलपूरपर्यंत गेलो, पण तुला मी विचारलंच नव्हतं. विचारून कळवतो म्हणून आलो."

कृष्णवेणीनं सुई कापडातून काढली आणि बोटांत धरून ठेवली. पंखा फिरत होता. खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती.

"तुझ्या मनात होतं का, अक्का?"

"होतं की रे," ती म्हणाली. "फार होतं. मी दोन पातळं पण आणून ठेवली होती." आणि मग तिला रडू आलं. पदर तोंडावर घेऊन ती रडली आणि आम्ही दोघं नुसते बघत बसलो. मीही रडत होते. सेतुमाधव तिच्या पायाला हात लावायला पुढे झाला, तर तिनं त्याचा हात धरून बाजूला केला आणि डोळे पुसले.

"आता त्यांना फोन कर," ती म्हणाली. "वाट बघत असतील."

"काय सांगू?"

"नव्हतं म्हणून सांग."

"अक्का!"

"मग काय सांगतोस? होतं म्हणून? ते दुसऱ्या बाईबरोबर संसाराला बसणार आणि जन्मभर मनात ठेवणार, की इथे एक बाई रडत बसली आहे? त्या नागपूरच्या बाईचं काय चुकलं? नव्हतं म्हणून सांग. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. जे ती म्हणत होती ते चूक आहे असं मला म्हणवेना, आणि बरोबर आहे असंही म्हणवेना. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. पहिल्यांदा चुकलाच. दुसऱ्यांदा लागला.

"मी सेतुमाधव. हो, पोचलो. हो, अक्काकडेच आहे." त्यानं डोळे मिटून घेतले. "विचारलं मी. तिच्या मनात नव्हतं."

राममूर्तींना फोनवर ओरडून बोलायची सवय. खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. आधी काहीच नाही, आणि मग, "बरं झालं हो! सुटलो मी. उगाच वाटत होतं, बाईंचं मन मोडून आलो म्हणून. त्यांना माझा नमस्कार सांगा."

"सांगतो," सेतुमाधव म्हणाला.

कृष्णवेणी उठली. "बरोबर बोललास," म्हणाली आणि भात बघायला आत गेली. आत भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा येत होता. सेतुमाधव फोन हातात धरून तिथेच बसला होता. मी त्याला म्हटलं, उठा, तोंड धुवा, ती पानं घेईल आता.

"वैनी," तो म्हणाला, "फोन कर म्हणून ती रोज सांगत होती. मी केलेला फोन तो हा."